गायरानाला मानवेल असा लॅपटॉप

सोमवार, १६ डिसेंबर २०२४
दुधनीजवळची वस्ती

ऋतुजा,

मी राजाबाई. तुझ्या बापाची आई. बुटकी, सावळी, पुढचे दोन दात न्हाईत. आता तरी ओळख पटली का? सोलापूरला गेलेली माणसं आज्जीला इसरतात हे ठाव होतं, पर डबा पण इसरतात हे नवीन. माझा पितळी कडीचा डबा गणपतीपास्नं तुझ्याकडं हाय. लाडू भरून दिला होता. लाडू पोटात गेलं, डबा कुटं गेला?

हे पत्र शेजारची साबेरा लिवती. मी तिला बजावलंय, मी बोलते तसंच लिव, शिकल्यावाणी करू नको. फोन का न्हाई केला म्हणशील. फोनवर तू नुसतं 'हं, हं' करतीस आन् तिकडं बोटानं दुसरंच काय तरी चालू असतंय. पत्रात 'हं' म्हणायची सोय न्हाई. शिवाय पत्र मला चार डाव वाचून घेता येतंय. साबेराचा नवरा इसूफ सोमवारी आन् शुक्रवारी टेम्पो घेऊन सोलापूरला येतो-जातो. तोच आपला पोस्टमन.

आता कामाचं. तुझा बाप गुंडा म्हणला, ऋतुजाला लॅपटॉप घ्यायचाय, तांबूला विकावं लागंल. तांबू माझी शेळी. तिला दूध पाजलं मी, गुंडानं न्हाई. तरी मी व्हय म्हणले, शिकणाऱ्या पोरीला आडवं कोण जाणार? पर माझ्या दावणीतनं जनावर जाणार, तर त्याच्या जागी काय येतंय ते मला कळाय नको का? गुंडाला विचारलं तर म्हणतो, "तिला साधा न्हाई, निराळा पायजे." निराळा म्हंजे? शिंगंवाला?

नीट समजावून लिव. डबा पाठीव.

तुझी आज्जी

*

शुक्रवार, २० डिसेंबर
सोलापूर

आज्जी, नमस्कार.

डबा सापडला. त्यात मी पेनं ठेवत होते. ओरडू नकोस, धुऊन पाठवते.

आता निराळा म्हणजे काय, ते ऐक. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सिद्धप्पा म्हणून एक मालक आहेत, त्यांचा चादरी आणि टॉवेलचा कारखाना आहे. चादरीवरची नक्षी आता संगणकावर काढतात आणि तिथूनच मागाला पाठवतात. त्यांना नक्षी काढणारं माणूस हवंय. आमच्या कॉलेजातून दोघांना बोलावलंय, मला आणि ताबीश नावाच्या मुलाला. जागा एकच. सव्वीस जानेवारी झाली की आपापला लॅपटॉप घेऊन जायचं, त्यांच्यासमोर नक्षी काढायची आणि तिथल्या तिथे त्यांच्या संगणकाला पाठवून दाखवायची. आज्जी, मला हे काम फार हवंय. शिक्षण संपायच्या आधीच हातात काम, तेही सोलापुरातच. नाहीतर पुण्याला जावं लागेल आणि मग डबा कायमचाच विसर.

त्यांच्या कारखान्यात सगळीकडे लिनक्स चालतं. लॅपटॉप म्हणजे नुसतं शरीर समज. त्याला चालवणारं आत एक काहीतरी लागतं. दुकानात मिळतं ते एका कंपनीच्या मालकीचं असतं. आत काय आहे ते ती दाखवत नाही. लिनक्सला मालक नाही. जगभरातल्या माणसांनी मिळून केलंय. कुणीही घ्यावं, आत डोकावावं, दुरुस्त करावं, दुसऱ्याला द्यावं.

अडचण एवढीच, की प्रत्येक लॅपटॉपला ते मानवत नाही. काहींचा आवाज बंद पडतो, काहींचं वाय-फाय, म्हणजे तारेशिवायचं इंटरनेट, चालत नाही. म्हणून बघून घ्यावा लागतो.

तुझी ऋतुजा

*

सोमवार, २३ डिसेंबर

ऋतुजा,

कळलं. साबेरानं तीन डाव वाचलं, तिसऱ्या डावाला कळलं. म्हंजे गायरान!

मालक कुणी न्हाई, कुणाचंबी मेंढरू चरावं, कुणीबी आडवू न्हाई. मग पयल्याच ओळीत गायरान म्हणायचं की. तू उगं शरीर-बिरीर करत बसलीस, साबेराला वाटलं कुणाला तरी दवाखान्यात नेलंय.

पर मला एक सांग. आपल्या गायरानात चरायला सगळी येतात, राखायला कोण येत न्हाई. तुझं ते जगाचं गायरान राखतंय कोण? नुसतं चरून येऊ नको. आपल्या हातनं एखादी बाभळ तरी लाव तितं.

आन् मानवतंय का न्हाई ते बघायची रीत दुकानदाराला विचारू नको. इकणारा काय म्हणणार, माझी मेंढी रोगट हाय? मी बाजारातनं मेंढी आणते तवा आधी मालकाला म्हणते, दोन दिस माझ्याकडं राहू दे. माझ्या आडाचं पाणी पाजते, माझ्या रानात सोडते. पाणी मानवलं, पोट न्हाई फुगलं, मग व्हय म्हणते. न्हाईतर माघारी. आमच्यात न बगता कुणी जनावर घेत न्हाई. नवरा घेतात, पर जनावर न्हाई.

तुझ्या गायरानाचं पाणी त्या लॅपटॉपला दुकानातच पाज. अशी काय सोय हाय का न्हाई?

तांबूला काल नेली. चांगल्या घरी गेली. मला काय वाटलं न्हाई.

डबा अजून आला न्हाई. इसूफला विचारलं, टेम्पोत बी न्हाई.

आज्जी

*

शुक्रवार, १० जानेवारी २०२५

आज्जी, नमस्कार.

लॅपटॉप घेतला. नवी पेठेत मल्लिनाथ यांच्या दुकानातून. रंग काळा आहे. छान आहे. सगळं ठीक चाललंय.

भोगीला घरी येते, तेव्हा घेऊन येते, बघ.

परीक्षेची गडबड आहे म्हणून एवढंच.

ऋतुजा

*

शुक्रवार, १७ जानेवारी

आज्जी,

नमस्कार घालायची इच्छा नाही, तरी घालते.

खरं सांग, माझ्या लॅपटॉपवर भंडारा कुणी टाकला? बटण दाबलं की पिवळी धूळ उडते. आतला पंखा सुरू झाला की सगळ्या खोलीला हळदीचा वास. वर्गात एक मैत्रीण म्हणाली, "कुणाचं लग्न आहे गं?" भोगीला मी अंघोळीला गेले होते तेवढ्यातच हे झालंय आणि घरात तेव्हा तू एकटीच होतीस.

आता मीही खरं सांगते. 'सगळं ठीक' म्हणून लिहिलं ते खोटं होतं. तू सांगितलंस तशी सोय असते. एका बोटाएवढ्या काडीवर, म्हणजे पेनड्राइव्हवर, अख्खं लिनक्स घेऊन जायचं, ती काडी लॅपटॉपला लावायची आणि विकत घ्यायच्या आधीच चालवून बघायचं. मी काडी घेऊन गेलेही होते. पण दुकानात गर्दी होती, खोकं बंद होतं आणि मला 'फोडून दाखवा' म्हणायची लाज वाटली. तशीच घेऊन आले. खोलीवर येऊन लिनक्स घातलं तर पडदा, आवाज, बटणं, सगळं चांगलं. फक्त वाय-फाय मेलेलं. त्याचा आतला भाग ज्या कंपनीचा आहे, त्यांच्याशी लिनक्सचं जमत नाही. मी फोनला दोरी लावून इंटरनेट घेत होते. पण कारखान्यात नक्षी वाय-फायवरूनच पाठवायची आहे. तसं त्यांनी आधीच कळवलंय.

मल्लिनाथ म्हणाले होते, आठवड्यात बदलून देतो, पण माल होता तसा पाहिजे. आज शेवटचा दिवस. मी घेऊन गेले. त्यांनी लॅपटॉप उलटा धरून नुसता हलवला. त्यांच्या काउंटरवर एवढा भंडारा पडला, आज्जी, की मागे उभ्या असलेल्या एका बाईंनी बोटानं घेऊन कपाळाला लावला.

मल्लिनाथ म्हणाले, "ताई, हे मी कंपनीला काय म्हणून पाठवू? प्रसाद?"

बदलून मिळणार नाही. अठ्ठावीस तारखेला कारखान्यात जायचंय. तुझी तांबूही गेली आणि हे असं झालं. तू असं का केलंस?

ऋतुजा

*

सोमवार, २० जानेवारी

ऋतुजा,

व्हय, मीच टाकला. मग? तू जन्मलीस तवा तुझ्यावर पण टाकला होता. तू बिघडलीस का? बिघडलीस म्हण, थोडी. पर ती सोलापूरला गेल्यावर.

तुझं दहा तारखेचं पत्र आलं तवाच मी साबेराला म्हणले, हिचं काय तरी दुखतंय. आधी पानभर लिवणारी पोरगी 'रंग काळा हाय' एवढंच लिवती? काळा तर तवा पण असतो. मग भोगीला आलीस. मी चुलीपाशी बसून बगत होते. तुझ्या त्या लॅपटॉपला दोरी, दोरीचं दुसरं टोक फोनला. दोरी निघाली की तू "अरे देवा" म्हणायचीस. जे जनावर दोरी धरून ओढल्याबिगर पाऊल टाकत न्हाई ते आजारी असतंय, हे कळायला शाळा लागती व्हय?

आजारी जनावराला आमी काय करतो? बिरुदेवाचा भंडारा लावतो. तू न्हायला गेलीस, मी झाकण उघडलं आन् लावला. चिमूटभर न्हवं, चांगला मूठभर. देवाचं काम करताना हात आखडून कसं चालंल? वरचं पदरानं पुसलं. आत गेलं ते गेलं.

तू मला न सांगता दुखणं दडवलंस, मी तुला न सांगता औषध दिलं. फिट्टंफाट.

आता रडत बसू नको. मेंढराच्या लोकरीत गोचीड शिरली तर आपण मेंढरू टाकून देत न्हाई. पाय बांधतो, उलथं पाडतो, लोकर बाजूला सारून बगतो. ते काळं उलथं पाड. उघड. आत काय हाय बग तरी. भंडारा बी निघंल आन् दुखणं बी दिसंल. तुमच्या गायरानात आत डोकवायला मुभा हाय असं तूच लिवलं होतंस. दुसऱ्याचं आत डोकवायला धीर हाय, सोताचं उघडायला न्हाई?

आन् तांबूचं नाव काढून मला भिववू नको. गेली ती गेली. साकू, पुरे. आता ह्या काळ्याचं बग.

आज्जी

ता. क. ऋतुजा, मी साबेरा. राजाबाईमावशींना न सांगता ही ओळ लिहितेय. तांबूला नेलं त्या दिवशी मावशी जेवल्या नाहीत. दावं अजून खुंटीलाच आहे, कुणाला काढू देत नाहीत. तुझं पत्र वाचून झाल्यावर मला म्हणाल्या, "जोरात लिव, तिला धीर आला पायजे." जोरात कसं लिहितात ते अल्लाच जाणे. तुझं काम झालं पाहिजे बघ. हे मी लिहिलं म्हणून कळवू नकोस.

*

शुक्रवार, ३१ जानेवारी

आज्जी, दोन्ही हात जोडून नमस्कार.

पुढचं सगळं सांगते, पण तू मध्ये साबेरामावशींना थांबवू नकोस.

तुझं पत्र हातात पडायच्या आधीच मी ते उलथं पाडलं होतं. त्यामुळे ते श्रेय तुला नाही. शनिवारी पुन्हा मल्लिनाथांच्या दुकानात गेले आणि म्हटलं, बदलून देऊ नका, पण तुमचा स्क्रू-ड्रायव्हर द्या. ते म्हणाले, "स्वतः उघडणार? मग मी जबाबदार नाही." मी म्हटलं, "तुम्ही आधीही नव्हता." हसले आणि ब्रशसुद्धा काढून दिला.

मागचा पत्रा काढला. आत पंढरी– नाही, जेजुरी! सगळीकडे पिवळं. मी ब्रशनं एकेक कोपरा झटकत गेले. पंखा झाला, त्याच्या शेजारचं झालं. आणि कोपऱ्यात भंडाऱ्याखालून एक पट्टी वर आली, काड्यापेटीपेक्षाही लहान, एका स्क्रूवर बसवलेली, तिला दोन बारीक तारा. आज्जी, ती वाय-फायची पट्टी होती! मी धरूनच चालले होते की आजकाल ती आतल्या मुख्य पाटीवरच चिकटवलेली असते, काढता येत नाही. काही लॅपटॉपमध्ये तसं असतंही. पण ह्यात नव्हतं. उघडून न बघताच मी सगळा लॅपटॉप वाईट ठरवून मोकळी झाले होते.

मी मल्लिनाथांना विचारलं, "दुसऱ्या कंपनीची अशी पट्टी आहे का?" त्यांच्याकडे एक फुटलेला जुना लॅपटॉप पडून होता, त्यात मला हवी तीच निघाली. लिनक्सशी जिचं जमतं ती. ह्या वेळी मी लाजले नाही. तिथेच काउंटरवर बसवली, तिथेच चालू करून बघितली. दोरी काढून टाकली. चाललं, आज्जी! मी दुकानात एवढ्यानं ओरडले की मल्लिनाथांच्या हातातला चहा सांडला.

बदलून मिळाला असता तर नवीन खोक्यात पुन्हा तीच पट्टी आली असती. हे खोलीवर आल्यावर माझ्या लक्षात आलं.

अठ्ठाविसला कारखान्यात गेलो. ताबीशचा लॅपटॉप माझ्यापेक्षा भारी. त्यानं कमळं काढली, सुंदर होती. मग माझी पाळी. मी चादरीचा काठ काढला. काठावर एकामागून एक शेळ्या, तांबड्या, मान वळवून बघणाऱ्या. तुला कळलंच असेल कोण. सिद्धप्पा म्हणाले, "शेळ्या छान आहेत, पण कोपऱ्यात एकीचं डोकं कापलं जातंय. विणताना धडच येईल." मी तिथेच बसून शेळ्यांमधलं अंतर कमी केलं, कोपऱ्यातली शेळी वळवली आणि पुन्हा पाठवली. दोरीशिवाय. त्यांच्या पडद्यावर उमटली. ताबीशचीही एक पाकळी कापली जात होती, पण तो म्हणाला, घरी जाऊन करून आणतो.

आणि ऐक, तेवढ्यात लॅपटॉप तापला, पंखा जोरात सुटला आणि बाजूच्या जाळीतून भंडाऱ्याचा एक फवारा सिद्धप्पांच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर. मी मेले म्हटलं. त्यांनी बोटानं पुसून बघितलं, वास घेतला आणि विचारलं, "कुठल्या देवाचा?"

मी म्हटलं, "बिरुदेवाचा. पण टाकला आज्जीनं."

ते कानडीत मुनिमांना म्हणाले, "छलो अद." मला वाटलं भंडारा छान आहे म्हणताहेत. मुनीम म्हणाले, नाही, नक्षीला म्हणताहेत. परीक्षेनंतर कामावर यायचंय. सोलापुरातच, आज्जी!

आणि बाभळ लावली. कुठला लॅपटॉप, आतली कुठली पट्टी मानवत नाही, कुठली मानवते, कशी बदलायची, सगळं फोटोंसह इंटरनेटवरच्या लिनक्सवाल्यांच्या चौकात लिहून टाकलं. पोलंडच्या एका माणसाचा तोच लॅपटॉप तसाच अडला होता, त्याचं काम झालं. पण फोटोत पिवळं दिसलं म्हणून त्यानं विचारलंय, ही सफाईची पावडर कुठे मिळते?

तुझी ऋतुजा

*

सोमवार, ३ फेब्रुवारी

ऋतुजा,

त्या पोलंडवाल्याला सांग, आधी आज्जी मिळव, पावडर आपोआप मिळंल.

साबेरानं पत्र वाचलं. 'सोलापुरातच' म्हणली तवा तिनं पत्र खाली ठेवलं, मी उचलून परत तिच्या हातात दिलं. चार डाव वाचून घेतलं. इसूफ टेम्पो चालू ठेवून बाहेर हॉर्न वाजवत होता. त्याला आत बोलावून पाचव्या डावाला त्यालाबी ऐकवलं.

श्रेय मला न्हाई म्हणतीस. बरं. पर भंडारा नसता तर तू बदलून आणला असतास, आन् तीच रोगट पट्टी नव्या खोक्यातनं घरी आली असती, हे कुणी लिवलंय? तूच. म्हंजे मी न सांगता सांगितलं. बिरुदेवाला श्रेय दे म्हण, तो माझ्यापेक्षा मोठा हाय, मी वाद घालत न्हाई.

आता तुझ्या शेळ्या. तू तिचं कान कसं काढलंस? ताठ काढलं असशील. शिकलेल्या माणसांना शेळी काढ म्हटलं की ससा काढतात. तांबूचं कान खाली पडलेलं, डाव्या कानाला खाच. आन् मान वळवून ती बगायची ते बरोबर काढलंस. ते कसं ध्यानात राहिलं तुझ्या, डबा तर राहत न्हाई? चादर निघाली की एक मला पाठीव. पांघरणार न्हाई. खुंटीवर एक दावं उगंच लोंबतंय, त्याच्या जागी लावीन.

ह्या साबेराला पण मी वळखून हाय. मला लिवता येत न्हाई, पर ऐकू येतंय की. गेल्या डावाला माझं बोलणं संपलं तरी हिचं पेन कागदावर बराच येळ खरडत होतं. काय लिवलंस म्हणले, तर म्हणती "पत्ता लिवला." इसूफच्या हाती जाणाऱ्या पत्राला कसला पत्ता? आता बग, मान खाली घालून हे पण लिवती हाय. लिव, लिव. जेवले होते मी त्या दिवशी. थोडं.

परीक्षा नीट दे. ताबीशला पण भेट, त्याला म्हणावं कमळं चांगली होती, पर दुखणं जिथल्या तिथं बघावं, घरी नेऊ न्हाई.

आता शेवटचं. डबा. धुऊन पाठवते म्हणून तुझी चार पत्रं झाली. आमच्यात डबा रिकामा माघारी देत न्हाईत, हे तरी ध्यानात हाय का? त्यात दुकानातलं पेढं भरू नको. पयल्या कामाचं पेढं सगळेच वाटतात. शेंगाची पोळी पाठीव, तुझ्या हातची. येत न्हाई म्हणू नको. लॅपटॉप उघडता येतो तर कणीक बी भिजवता येती. गूळ बेतानं घाल, वरनं तूप सोड, मऊ ठेव, माझ्या दातांचं तुला ठाव हाय. फाटली तर फाटकी पाठीव, करपली तर करपट पाठीव. उलथी पाडून बगीन मी, आत काय बिघडलंय ते.

आज्जी